सुईचं भोक

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चकतीमामा म्हणत. मेणात बसवलेल्या इवल्याशा मेंदूच्या, केसाहूनही कितीतरी पातळ चकत्या पाडायच्या, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. घरी मात्र मामी त्यांच्या हाती सुरी देत नसत. "तुम्ही टोमॅटो चिरायला बसलात तर आजचं जेवण परवा होईल!"

सध्या पाळी होती अंड्यातल्या पिल्लाच्या मेंदूची. डोळ्यातून निघालेले तंतू मेंदूत आपली जागा कशी शोधतात, हे एका संशोधक पोरीला बघायचं होतं. तंतूचं टोक बोटांसारखं चाचपडत पुढे सरकतं. ओळखीची खूण लागली की वळतं, नकोशी लागली की मागे हटतं. डाव्या डोळ्याचे तंतू असे मधली रेघ ओलांडून मेंदूच्या उजव्या भागात पोचतात. कुणाला पत्ता न विचारता! मामांना त्यांचं भारी कौतुक. त्यांना स्वतःला नव्या इमारतीतला जिना अजून सापडत नव्हता.

पोरीने डाव्या डोळ्यात निळा रंग सोडला होता. तंतू जिथे पोचले तिथे निळं दिसणार.

एका सकाळी ती धावतच आली. "मामा, या नऊ चकत्यांत निळं डावीकडे आहे! तंतू पलीकडे गेलेच नाहीत! सर दुपारच्या सभेत जाहीर करणार आहेत."

"वा गं वाघिणी!" म्हणत मामांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि सवयीनं आधी आपली खूण शोधली.

चकत्या पाडण्याआधी मामा प्रत्येक मेंदूच्या उजव्या अंगाला सुईनं बारीक भोक पाडत. बाजू कळावी म्हणून. इथे भोक डावीकडे होतं.

"ते भोक ना? मला वाटलं, फाटलंय," पोरगी म्हणाली.

मामांना लख्ख आठवलं. मंगळवारी पाहुणे आले होते. एरवी मामा एकमेकींना चिकटून निघालेल्या चकत्यांची पट्टी गुपचूप कोमट पाण्यावर सोडत. त्या दिवशी ऐटीत ब्रशवर उचलून खिडकीच्या उजेडात नाचवली. पाहुणे वाहवा करत होते, तेवढ्यात ती उलटली असणार, आणि डाव्याचं उजवं झालं.

निवृत्तीला बारा दिवस उरले होते. एकतीस वर्षांत एकही चकती उलटली नाही, हे मामा भेटेल त्याला, न विचारताही, सांगत आले होते. आणि भोकाचं गुपित त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

मामा त्या चकत्यांची काच घेऊन सरांच्या खोलीत शिरले. "तंतू बरोबर पोचलेत, सर. चुकलो तो मी."

सगळं ऐकून सरांनी ते भोक स्वतः तपासलं. मग म्हणाले, "मामा, दुपारी मी तोंडघशी पडलो असतो. यापुढे इथे भोक पाडल्याशिवाय एकही मेंदू कापायचा नाही."

पोरगी रडवेली झाली होती. "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं हो?"

"अगं, तो बिचारा तंतू चाचपडत एवढा लांब गेला. आणि आपण म्हणायचं, गेलाच नाही?"

पुढच्या मेंदूच्या वेळी सुई तिनेच उचलली. "उजवीकडेच ना, मामा?" मामांची छाती अशी फुगली की कोटाची बटणं ताणली.

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे एकतीस वर्षांत एकच चूक?"

"एकच."

मामी उठल्या. सुरी आणि दोन टोमॅटो मामांपुढे ठेवून म्हणाल्या, "घ्या. फक्त भोक पाडू नका."