मी न वाचलेली ओळ

सुमनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या मुलीचा पासपोर्टचा फॉर्म भरत होतो. फोन त्यांच्या मुलाचा, निलेशचा. "काका, आई गेली. सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली आणि तशीच..." एवढंच बोलला. मी 'येतो' म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता ती गोष्ट एकट्या मलाच ठाऊक उरली, असा तो विचार होता, आणि त्याने मला क्षणभर हलकं वाटलं. उधन्याहून डिंडोलीला रिक्षाने जाताना मात्र स्वतःचीच किळस येत गेली. याला आता सहा आठवडे होतील.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. आम्ही दोघं भाऊ धुळ्याकडून सुरतेला आलो. दादा उधन्यात लूमवर लागला, मी थोडा शिकलेला म्हणून बँकेत चिकटलो. त्या शिक्षणावर मी आयुष्यभर मिरवलं. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पेन्शन, कोणताही इंग्रजी कागद आला की डिंडोलीची आपली खानदेशी माणसं माझ्याकडे येत, आणि मीही चष्मा पुसून असा बसे की जणू आता निकालच देणार. या ऐटीला हसणाऱ्या एकट्या वहिनी. साड्यांवर खडे चिकटवायचं काम घेऊन त्या दारात बसलेल्या असत, आणि मला येताना पाहिलं की म्हणत, "या साहेब! शिक्का लई उनात का?" शिक्का घेऊन आलात का, म्हणजे. मी लटकंच रागवायचो. खरं तर मला ते आवडायचं.

निलेश त्यांचा एकुलता एक. बारावीत असताना त्याच्या कॉलेजात हवाई दलातले एक निवृत्त अधिकारी बोलून गेले, आणि पोराने घरी येऊन जाहीर केलं की मी लढाऊ विमान उडवणार. दादा हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, रस्ता कोणता? मी आयुष्यात एकदाच विमानात बसलेलो, तेही पट्टा लागेना म्हणून हवाईसुंदरीला बोलवावं लागलं होतं. पण रस्ता मी शोधून काढला. एक रस्ता बारावीनंतर, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून. तो निलेशला बंद होता, कारण त्याला चष्मा होता, बारीकसा, सव्वा नंबरचा. दुसरा रस्ता पदवीनंतर. हवाई दलाची लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची निवड, मग पायलटपणाचा कल तपासणारी ती यंत्रावरची चाचणी, जी जन्मात एकदाच देता येते. मग वैद्यकीय तपासणी, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांचं प्रशिक्षण. त्यातून जे तावून-सुलाखून निघतात त्यांच्यातल्या थोड्यांना फायटर मिळतं. मी हे सगळं एका कागदावर पायऱ्या काढून लिहून दिलं होतं. वहिनींनी तो कागद देव्हाऱ्यामागे ठेवला.

चष्म्याचं काय, हा प्रश्न उरला. नियमांची वीस-बावीस पानं मी बँकेतल्या प्रिंटरवर काढली. लेझर करून नंबर घालवलेला चालतो, अशी ओळ सापडली आणि मी पानं मिटली. निलेश तेव्हा साडेएकोणीस वर्षांचा. वहिनी घरात एकट्या होत्या, त्यांना मी म्हणालो, "आत्ता सुट्टीतच उरकून टाका, डोळा लवकर बसतो." वहिनींनी विचारलं होतं, "काही वयबिय नसेल ना भाऊजी त्यात?" आणि मी, चष्मा पुसून, म्हणालो होतो, "वाचलंय मी सगळं." त्या ओळीच्या खालच्याच ओळीत लिहिलं होतं की शस्त्रक्रिया वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यानंतरचीच धरली जाईल. सहा महिने थांबायचं होतं, एवढंच.

पोराने पुढे सगळं पार केलं. लेखी, पाच दिवस, आणि ती एकदाचीच चाचणीसुद्धा. सोसायटीत पेढे वाटले, त्यातले चार मी साहेबाच्या तोऱ्यात खाल्ले. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा कागद मागितला, तारीख बघितली, जन्मतारीख बघितली... आणि संपलं. जमिनीवरची शाखा तरी मिळाली असती, पण फॉर्ममध्ये तो पर्यायच लिहिलेला नव्हता. फॉर्म अर्थातच मी भरला होता.

तो परत आला त्या संध्याकाळी मी डिंडोलीला गेलो. निलेश भिंतीला टेकून खाली बसला होता. दादा फेऱ्या घालत होता. "एवढी घाई करायला सांगितलं कोणी होतं?" तो ओरडला. मला बोलायचं होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. खरं म्हणजे मी तोंडही उघडलं नव्हतं. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मन्हीच घाई व्हयनी. भाऊजी तर थांबाच म्हनत व्हतात." दादाने कपाळावर हात मारला. निलेशने आईकडे पाहिलं, ती नजर मी पाहिली, आणि मी समोरचा चहा पिऊन टाकला.

दोन दिवसांनी त्या एकट्या असताना मी विचारलं, असं का केलंत? "मन्हावरना राग दोन दिनमा जाई. तुमनावरना जावाव नही," त्या म्हणाल्या. माझ्यावरचा राग दोन दिवसांत जाईल, तुमच्यावरचा जाणार नाही, म्हणजे. शिवाय सोसायटीतली पोरं फॉर्म घेऊन माझ्याकडेच येतात, त्यांचा विश्वास उडाला तर ती कोणाकडे जाणार, असंही म्हणाल्या. मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "बघू, योग्य वेळी सांगतो मी त्याला." योग्य वेळ आठ वर्षं आली नाही. दादाचा राग खरंच गेला. निलेशचा गेला नाही. तो भांडायचा नाही, आवाज चढवायचा नाही. आईशी कामापुरतं बोलायचा, बस. त्याने गणिताचे क्लास सुरू केले, लग्न केलं नाही. कोणा चष्मेवाल्याने हवाई दलाचं नाव काढलं की त्याला आधी जन्मतारीख विचारायचा. त्या वेळी आई घरात असली तर उठून आत जायची.

एकदा टीव्हीवर लढाऊ विमानांच्या बातम्या सारख्या चालू होत्या, तेव्हाची गोष्ट. घरोघर लोक सेनापती झाले होते आणि मी तर होतोच. मी म्हणालो, "हे आता शेवटचंच समज निलेश. पुढची लढाई ड्रोनची. पायलट कोण विचारतो?" त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. निलेश शांतपणे म्हणाला, "काका, ड्रोन आहेत, अजून वाढतील. समोरासमोरची झटापट कमी झालीय हे बरोबर, शत्रू दिसायच्या आधीच क्षेपणास्त्र सुटतं. पण समोर कोण आहे, सोडायचं की नाही, हे वर बसलेला माणूसच ठरवतो अजून." मी मोठ्या हुशारीने विचारलं, "शत्रू दिसतच नाही, तर मग डोळे एवढे कशाला तपासतात?" निलेशने आईकडे पाहिलं. वहिनी हातातल्या साडीवर वाकून होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मलाच विचारलं, "भाऊजी, म्हंजे इमानमा आजून मानूस बसस ना?" बसतो, म्हणालो मी. तेव्हाही सांगता आलं असतं.

तेरावा झाल्यावर मी गेलो आणि निलेशला सांगितलं. वाचलेली ओळ, न वाचलेली ओळ, त्या संध्याकाळचं सगळं. मला वाटत होतं तो ओरडेल, आणि ओरडला असता तर माझी सुटका झाली असती. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यावरचा एक स्टीलचा डबा घेऊन आला, तीन कप्प्यांचा, कडी वाकलेला.

"क्लास सुरू केला तेव्हापासून ती रोज हा भरायची," तो म्हणाला. "मी बाहेर खातो म्हणून इथेच ठेवून जायचो. एक दिवस नेला नाही, काका. तरी भरायची." त्याने एकेक कप्पा काढून जमिनीवर मांडला. घासून लख्ख केलेले, रिकामे. "यात काय असायचं, तेही मला माहीत नाही..."

मला माहीत होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, बुधवारी डाळीचे वाफवलेले फुणके. संध्याकाळी मी गेलो की वहिनी हाच डबा उघडून माझ्यापुढे ठेवायच्या, आणि तो कोणाचा आहे हे ठाऊक असून मी आठ वर्षं तो चवीने खाल्ला.