काकांचा माइक आणि मानेतली नळी

माझे काका बैलगाडा शर्यतीत माइकवर बोलतात. कुरुळीपासून पार मावळापर्यंत शर्यतीच्या कुठल्याही घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या मैदानात जा, आवाजावरून ओळखतात लोक. आमची अर्धी जमीन कंपन्यांत गेली, मीपण चाकणला शिफ्ट करतो, पण काकांचा सगळा रुबाब त्या माइकमध्ये. आणि नेमका तोच जायची वेळ आली!

त्या रविवारी मी स्टेजवर त्यांच्या शेजारीच होतो, मोबाइलवर लाइव्ह करत. एका गाड्याची बारी सुटली, काकांनी "झाली... भिर्रर्र!" ठोकलं आणि पुढच्या गाड्याचं गाव सांगताना आवाज घोळला. शब्दच नाहीत, नुसती घरघर.

खालून एक जण ओरडला, "माइक गेला राव, वायर बघा!"

स्पीकरवाला पळत आला. वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. मीपण वायरच बघत बसलो! तेवढ्यात काकांच्या उजव्या हातातून माइक निसटला, धाडकन आवाज घुमला, मी वर बघितलं तर त्यांच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली. वायर एकदम ठीक होती.

उचलून गाडीत घातलं आणि थेट मोठ्या हॉस्पिटलला. काकू मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. तिथे डॉक्टर मॅडमचा पहिलाच प्रश्न, "शेवटचं नीट कधी बोलले?"

"अख्ख्या घाटाला माहितीये मॅडम, तासाभरापूर्वी लाउडस्पीकरवर होते!"

"मग उपचाराची वेळ गेली नाही अजून," म्हणत त्या आत पळाल्याच. स्कॅन झालं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. मेंदूच्या डाव्या बाजूची नस बंद होती. आणि गंमत बघा, मूळ दुखणं मेंदूत नव्हतंच! मानेत होतं. डाव्या बाजूने मेंदूकडे रक्त नेणारी मोठी नळी आतून चरबीच्या थराने अरुंद झालेली. त्या खडबडीत जागेवर रक्त गोठलं, तुकडा सुटला, वर जाऊन अडकला. मी विचारतच सुटलो. इतकी वर्षं साठत होतं तर दुखलं कसं नाही? आता काढणार कसं?

"जांघेतून तार वर नेऊन गुठळी ओढायची," मॅडम म्हणाल्या. "पण तार त्या अरुंद जागेतूनच जाणार, म्हणून अवघड. काही जण लगेच बोलायला लागतात. काहींची गुठळी निघते, बोलणं परत येत नाही. आधी सांगता येत नाही."

मग काकूंकडे वळून, "मध्ये कधी डाव्या डोळ्यापुढे अंधारी आली होती का?"

"व्हय की!" काकू म्हणाल्या. "मागल्या शर्यतीला. पडदा पडल्यावानी झालंय म्हणलं. पर त्यो भंडारा गेलता डोळ्यात. मीच पाण्याचं हबकं मारलं, आन् दिसाय लागलं की."

मी तेव्हा तिथेच होतो. आमच्याकडे गाडा जिंकला की इतका भंडारा उधळतात की कोणाचे डोळे चुरचुरत नाहीत? मीच चिडवलं होतं, "काका, बैलाचा भंडारा तुम्हीच लावून घेतला काय!"

डोळ्याला रक्त त्याच मानेतल्या नळीतून जातं म्हणे. छोटा कण डोळ्याकडे गेला, अडकला, आपोआप सुटला. पाण्याचा काही संबंधच नाही.

गुठळी निघाली. मानेत त्याच वेळी जाळीची नळी बसवली. दुसऱ्या दिवशी हात उचलला काकांनी! पण काकूंनी ग्लास दाखवला तर "पाणी" म्हणता येईना. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "काका, गाडा सुटला!"

"झाली... भिर्रर्र!"

खणखणीत! अख्खा वॉर्ड उठून बसला. सिस्टर ओरडल्या, "ओ, हळू!" मॅडमनी समजावलं, हजारदा घोकलेलं बोलणं कधी कधी शाबूत राहतं. नवं वाक्य जुळवणं वेगळं, ते येईलच असं नाही, सराव करा. एका माणसाच्या आत दोन बोलणी? मी अजून त्याच विचारात आहे.

सराव चालूच आहे. शब्द येतात, पण शोधत शोधत. परवा घाटात गेलो तर लोकांनी हट्टाने काकांच्या हातात माइक दिला. भिर्रर्र झकास झालं. मग पुढच्या गाड्याचं गाव. "चि... चि..." आणि पुढचं येईना. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

खालून तोच माणूस, "माइक गेला राव!"

काका हसले. माइककडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"माइक... बरा हाय," ते म्हणाले. "मीच... थांबलोय. तू... बी थांब."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी घोकलेलं नव्हतं. मी काकूंकडे बघितलं. तोपर्यंत स्पीकरवरून काकांचा आवाज आला, "चिखली!"