दोन भावांची एक गोळी

इस्तंबूलला आमच्या शेजारी दोन उइघुर भाऊ राहतात, मूळचे चीनमधल्या, जुन्या रेशीम मार्गावरच्या काश्गरचे. दोघांच्याही हृदयाची झडप बदललेली, दोघांनाही रक्त पातळ ठेवायला एकच औषध. काल मी चहाला गेले, तेव्हा थोरल्या कादिरआकांनी नान मोडला आणि आधी धाकट्याला दिला. त्यांच्यात नान वाटूनच खायचा. धाकटा म्हणाला, "माझ्या गोळ्या संपल्या. ईदमुळे दुकान बंद आहे." आकांनी तितक्याच सहज आपली गोळी पुढे केली. "घे. आपलं रक्त एकच."

मी कप खाली ठेवला. डॉक्टरांनी धाकट्याला माझ्यादेखत बजावलं होतं, की थोरल्याचं यकृत हे औषध भराभर पचवतं, तुझं रेंगाळत; त्याच्याएवढं घेतलंस तर आतून रक्त वाहू लागेल. आका तेव्हा तिथे नव्हते. एका आईची लेकरं. पण कुठल्या व्यापारी तांड्याबरोबर आलेल्या कुठल्या पणजीने कुणाच्या अंगात काय ठेवलंय, हे चेहऱ्यावर थोडंच दिसतं?

त्यांच्यात थोरल्याने दिलेलं नाकारायचं नसतं. धाकट्याने दोन्ही हातांनी गोळी घेतली आणि मूठ मिटून बसून राहिला.

आका त्या मुठीकडे बघत होते. "खा," ते म्हणाले, "मी दिलेलं कधी बाधलंय का तुला?"