तीन नंबरच्या फिल्टरवरचं छत

दुपारी दोनच्या सुमाराला फिल्टर हाऊसचं छत हलायला लागतं. छत हलत नाही, हे रूपरावांनाही ठाऊक आहे. पश्चिमेच्या खिडक्यांतून आलेलं ऊन सहा फिल्टरांच्या पाण्यावर पडतं, तिथून उसळून वर जातं आणि चुन्याच्या पांढऱ्या छतावर उजेडाची जाळी डुलत राहते. शेजारच्या खोलीत हवा फुंकणारा ब्लोअर एका सुरात घोंघावत असतो. अशा वेळी कठड्याला टेकून उभं राहिलं की रूपरावांना वाटतं, आपण नदीच्या तळाशी आहोत आणि खालून वर पाहतो आहोत. गेली बत्तीस वर्षं हे असंच चालू आहे.

देवळीच्या रस्त्याला, गाव संपतं तिथं हे जलशुद्धीकरण केंद्र आहे. नदीचं गढूळ पाणी इथं येतं, त्यात तुरटी पडते, गाळ बसतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळलं जातं आणि क्लोरीन घालून उंच टाकीत चढवलं जातं. रूपराव इथं रोजंदारीवर लागले, मग ऑपरेटर झाले, आणि येत्या दिवाळीनंतर निवृत्त होतील. गावात त्यांना पाणीवाले रूपराव म्हणतात. केंद्रात मात्र त्यांचं नाव निघतं ते छतासाठी.

त्याचं असं झालं. बावीस वर्षांपूर्वी कुणी मोठे साहेब पाहणीला येणार होते. छताला भेगा होत्या, पोपडे लोंबत होते; केंद्राच्या साहेबांनी ते झाकायला सांगितलं. रूपरावांचे वडील गवंडीकाम करायचे, त्यामुळे हात तयार होता. फिल्टरांच्या भिंतींवर फळी टाकून ते वर चढले, पोपडे खरवडले, बारीक वाळूच्या सिमेंटने भेगा बुजवल्या आणि वरून नीळ घातलेला चुना मारला. पाहणीच्या साहेबांनी मान वर केली आणि "वा!" म्हणाले. तेव्हापासून दरसाल पोळ्याच्या आधी दोन दिवस रूपराव फळीवर. गंजलेली सळई दिसली की ब्रशने घासायची, झाकायची, चुना मारायचा. घरी त्यांची बायको देवकाबाई भिंती सारवायच्या, तितक्याच साधेपणाने ते हे करत. कुणाला फसवतो आहोत, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. दर वर्षीच्या पाहणी अहवालात 'छत' या शब्दापुढे 'चांगले' असं येत गेलं.

यंदा केंद्राच्या सगळ्या इमारतींच्या दुरुस्तीचा आराखडा करायचं ठरलं. नागपूरहून नंदिनी नावाची तरुण इंजिनीअर तीन दिवसांसाठी आली. तिच्याकडे तीन रकाने होते: तोडून नवीन, दुरुस्ती, रंगकाम. शुक्रवारी यादी जाणार होती. यादीत जे नाही, त्याकडे पुढची दहा वर्षं कुणी पाहणार नव्हतं.

बुधवारी ती फिल्टर हाऊसमध्ये आली. वर पाहिलं, लांब दांड्याच्या हातोडीने चार ठिकाणी ठोकलं.

"काका, हे छत तर नव्यासारखं आहे."

"दरसाल पाहतो जी मी त्याच्याकडं," रूपराव म्हणाले. छाती जरा फुगलीच. तिने 'रंगकाम' लिहिलं आणि ती तुरटीच्या गोदामाकडे वळली.

दोन वाजता छत हलायला लागलं. रूपराव नेहमीसारखे कठड्याला टेकले, पण आज ती जाळी नुसती डुलेना. जिथून जिथून उजेड सरकत जाई, तिथलं थिगळ त्यांना आठवत जाई: हे मोठ्या पुराच्या वर्षीचं, हे लेकीच्या, आचलच्या लग्नाच्या आधीचं. चुना विरघळून गेला आहे आणि छत गोधडीसारखं खाली झोळत येत आहे, असं डोळ्यांपुढे तरंगलं. तीन नंबरच्या फिल्टरवर ते सगळ्यात खाली आलेलं होतं. श्रावणात तिथूनच भाकरीएवढा तुकडा पाण्यात पडला होता. रूपरावांनी तो जाळीने काढला, वरची जागा बुजवली आणि कुणाला सांगितलं नाही. त्या जागेच्या बरोबर खाली, फिल्टरच्या कडेला कोकिळाचं टेबल होतं. तासातासाला पाण्यातलं क्लोरीन तपासायचं काम तिचं.

"रूपरावभाऊ, वर काय पाहून राह्यले? इंद्राचा दरबार भरला काय?"

"कोकिळाबाई, टेबल तिकडं सरकवा न थोडं."

"काऊन? खिडकीची हवा तुमाले पाह्यजे काय? तीन महिने राह्यले तुमचे, मंग घरी खाजो हवा."

रूपराव हसले नाहीत. ती मात्र परीक्षानळी उजेडात धरून आपल्या कामाला लागली.

गुरुवारी दुपारी ते नंदिनीला शोधत गेले. "मॅडम, तीन नंबरवर अजून एकदा ठोकून पाहा."

"काल ठोकलं ना, काका. ब्लोअरच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, पण दिसायला तर उत्तम आहे."

"दिसाचं सोडा. ब्लोअर बंद करतो मी. पंपही करतो."

कोकिळा टेबलावरून ओरडली, "टाकी उतरन न, भाऊ! संध्याकाळी साऱ्या बाया हंडे घेऊन माह्याच दारात येतीन."

"अर्ध्या घंट्याचं काम आहे. तवरिक तुमी बाहेर बसा."

त्यांनी आधी ब्लोअर थांबवला, मग एकामागून एक पंप. बाहेर, पाण्यात हवा मिसळावी म्हणून बांधलेल्या पायऱ्यांवरून उतरणारं पाणी पातळ होत गेलं आणि थेंबांवर आलं. मग तेही थांबलं. भर दुपारी केंद्र इतकं गप्प झालेलं रूपरावांनी कधी ऐकलं नव्हतं. वळचणीतल्या साळुंक्या ऐकू आल्या, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची धडधड दूर जाईपर्यंत ऐकू आली. सहाही फिल्टरांचं पाणी आरशासारखं झालं. छतावरचा उजेड जागच्या जागी उभा राहिला.

रूपरावांनी भिंतींवर टाकलेल्या फळीवर नंदिनी चढली. ठण. ठण. ठण. मग भद्द, रिकाम्या खोक्यावर थाप मारावी तसं. तिने मागे वळून पाहिलं, पुन्हा मारलं. भद्द. तिने खिशातून लाल खडू काढून गोल केला. एका गोलाचे चार झाले, चारांचे नऊ.

"हे आधीच्या एकाही अहवालात नाही," ती म्हणाली. "मला कारण लिहावं लागेल, काका. कुणी बुजवलं?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"पहिल्या खेपेला इथल्या साहेबानं सांगतलं. मंग कोणी नाई सांगतलं. मले वाटे, मी इमारत सांभाळून राह्यलो."

"निवृत्तीला तीन महिने आहेत ना तुमच्या? नाव आलं तर विचारणा होईल."

"होऊ द्या. श्रावणात इथूनच तुकडा पडला, तेही लिहा. खाली माणूस बसते."

दारात उभ्या असलेल्या कोकिळाने हे ऐकलं. तिने रूपरावांकडे एकदा पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि टेबलाचं एक टोक धरून ते फरफटत पार दारापर्यंत नेलं. बाटल्या किणकिणल्या.

रूपराव फळीवर चढले. त्यांनी नंदिनीच्या हातची हातोडी घेतली आणि गोल नसलेल्या जागेवर बोट ठेवलं. "इथं पोकळ आवाज नाई येणार. इथं मी तारेची जाळी घालून जाड भरलं." दोन घाव हलके गेले. तिसऱ्याला पाटाएवढा गिलावा सुटून पाण्यात आदळला आणि पांढरा ढग खाली वाळूकडे पसरत गेला. वर तपकिरी सळई उघडी पडली होती. नंदिनीने बोट लावलं तर सळईचे पापुद्रे हातात आले.

तिने 'रंगकाम' खोडलं, 'तोडून नवीन'च्या रकान्यात 'छत, फिल्टर हाऊस' लिहिलं. कारणाच्या जागी रूपरावांचं नाव आणि बावीस वर्षं. त्यांनी ते वाचलं, खाली सही केली.

"अजून कुठं आहे असं?" तिने विचारलं.

"पंप चालू करतो, टाकी उतरून राह्यली," रूपराव फळीवरून उतरत म्हणाले, "आन् मंग क्लोरीनच्या खोलीत चला. तिथली भिंत दाखवतो."