शून्य लावताना

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी बाबांना सुट्टी मिळाली नाही. म्हणून मुंबईला जाणारी जीप आम्ही वाळूज एमआयडीसीत, त्यांच्या कंपनीच्या गेटसमोर थांबवली. बाबा दहा मिनिटांची परवानगी घेऊन बाहेर आले. हाताला ऑइल होतं, त्यामुळे जवळ घेतलं नाही. "जयभीम बेटा, कामात कमी पडू नकोस," एवढंच म्हणाले. आई जीपमध्ये रडत होती. वॉचमनने हाक मारली आणि ते आत गेले.

हे सगळं मी लिहितेय ते फोनवर "मजा आहे बाई तुझी" म्हणणाऱ्या तुम्हा मैत्रिणींसाठी, आणि इथे येऊन ईमेलने बर्फाचे फोटो पाठवत बसणाऱ्यांसाठीही. मजा नव्हती. भीती होती, आणि भीतीतून आलेला खुनशीपणा होता. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

ब्योब्लिंगेन या गावात गाड्यांच्या दारांना लागणारी रबरी सील बनवणारी एक कंपनी होती. तिथे मी क्वालिटीत लागले. पहिल्याच आठवड्यात टेबलावरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘मुस्टर’ लिहिलेलं दिसलं. आपल्याकडचं हजेरीचं मस्टर समजून मी खाली सही ठोकली, वेळही लिहिली. मुस्टर म्हणजे नमुना. अख्खं डिपार्टमेंट दोन दिवस हसत होतं, आणि मी त्यांच्याबरोबर हसले नाही.

खरी गोम पुढे आहे. माझा व्हिसा या एका नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की परत. आउसलेंडरआम्टमधली, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतली बाई दर वेळी माझे कागद दोन बोटांनी उचलायची आणि विचारायची, हे काम एखादा जर्मन माणूस का करू शकत नाही?

जर्मन माणूस राहिला बाजूला, काम निघालं स्लोव्हाकियाला. तो देश युरोपियन युनियनमध्ये आला त्याच वर्षी आमची तपासणीची अख्खी लाइन तिकडे हलवायचं ठरलं. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात त्या अख्ख्या देशाहून जास्त माणसं राहतात. एवढ्याशा देशाने माझ्या ताटातलं घ्यावं, याचा मला भयंकर राग आला. इथे साहेबाला शेफ म्हणतात. आमचा शेफ म्हणाला, "आल्झो, तर मग, फ्राऊ साळवे, तुम्हीच त्यांना शिकवा."

शिकायला आली झुझाना. चाळिशीची, जाड चष्मा, हातात कायम वही. तिच्या गावात चपला-बुटांचा कारखाना होता, तिथे ती वीस वर्षं शिलाई करत होती. बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारखाना बंद पडला. आता गावात जो परदेशी कारखाना येईल त्याचं काम सगळे शिकतात, असं ती सांगायची. तिने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकून घेतलं होतं, तिची मुलगी शाळेत इंग्रजी शिकत होती आणि शेजारी कोरियन शिकायला लागला होता. मी खोचकपणे विचारलं, तुमचं स्वतःचं काही उरलंय की नाही? ती चिडली नाही. म्हणाली, "आम्ही लहान आहोत, फ्राऊ साळवे. आम्हाला नाही म्हणणं परवडत नाही." मला तिचा आणखीच राग आला. चिडली असती तर बरं झालं असतं.

सील दाबून मोजायचं आमचं मशीन जुनं होतं. त्याचं शून्य लावताना चाक जरा जास्त मागे घ्यायचं आणि मग हळूच पुढे आणायचं. मागे येता येता शून्यावर थांबलात की आटे ढिले राहतात आणि आकडा फसवतो. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. मला ते माझ्या आधीच्या म्हाताऱ्या कारागिराने शिकवलं होतं, हातावर हात ठेवून. झुझानाला मी बाकी सगळं दाखवलं. शून्य लावताना मात्र तिच्या आणि मशीनच्या मधे उभी राहिले. ती डावीकडे सरकली की मीही सरकायचे.

चौथ्या दिवशी सहज मागे पाहिलं, तर तिची नजर माझ्या कोपरावर होती. बाबा नवीन लागले तेव्हा त्यांचा सीनियर ऑपरेटर मशीन सेट करताना मुद्दाम पाठमोरा व्हायचा. आपल्या वस्तीतल्या पोराला हे काम येऊ नये, एवढीच त्याची इच्छा. बाबा म्हणायचे, "त्याच्या कोपराकडं बघून शिकलो मी. तुझ्यावर तशी पाळी येऊ नये, म्हणून तुला शिकवलं."

हे सगळं आठवलं. आठवूनही मी कोपर अंगाला चिकटवून धरलं आणि चाक फिरवलं.

लाइन स्लोव्हाकियाला हलली आणि तिथून गेलेला पहिलाच माल गाड्या बनवणाऱ्यांनी माप चुकलं म्हणून परत पाठवला. शेफने आउसलेंडरआम्टला पत्र दिलं की या बाईंशिवाय आमचं चालणार नाही. व्हिसा वाढला. मला तिकडे पाठवलं, मी अर्ध्या तासात मशीन ठीक केलं, एकटीने, दार लावून. झुझानाला तोवर मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं होतं. तिने मला पाहिलं, उठली, हात पुसून हातात हात दिला आणि परत खोकी बांधायला बसली. मी तिला शून्याचं सांगितलं नाही. तेव्हा सांगता आलं असतं. तिथे आम्ही दोघीच होतो.

त्या रविवारी बाबांचा फोन आला. आपली मुलगी परदेशातून आणखी एका परदेशात काम शिकवायला जाते, हे त्यांनी सगळ्या शॉपफ्लोअरला सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईला सगळं दाखवलंस ना?"

"हो बाबा."

"मग झालं," ते म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की मी फोन लवकर ठेवला.

पुढे मला इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली, लग्न झालं, मुलगी झाली. ती मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देते. गावी यायचं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी मी काहीतरी कारण काढते. कधी तिकीट महाग असतं, कधी तिची शाळा आडवी येते. सगळे विचारतात, घराची आठवण येत नाही का? येते, रोज येते. पण घरी गेले की बाबा समोर बसतील आणि तोच प्रश्न तोंडावर विचारतील. फोनवर "हो" म्हणता आलं. त्यांच्याकडे बघून मला ते म्हणता येणार नाही.