बिनचूक पान आणि रिकाम्या खोल्या

उघडं राहिलेलं काहीही मला सहन होत नाही. कपाटाचं दार, डब्याचं झाकण, बोलता बोलता कुणी अर्धवट सोडलेलं वाक्य. त्यामुळे वेबसाइट बनवण्याचं काम मला बरोबर मिळालं असं माझ्या सासरी म्हणतात, आणि त्यात कौतुक कमी असतं. वेबसाइटचं पान आपल्याला समोर दिसतं, पण त्याच्या मागे कोड लिहिलेला असतो. त्यात कंसासारखी एखादी खूण उघडली की ती बंद करावी लागते. नाही केली तरी पान बहुतेक वेळा दिसतंच, कारण ब्राउझर मोठ्या मनाचा असतो, लोकांच्या चुका पोटात घालतो. मला तेवढं मोठं मन देवाने दिलेलं नाही.

नांदेडला मी ज्या दुकानात हे काम करत होते, ते मुळात लग्नपत्रिकांचं. मालकांच्या घरात छपाई पिढ्यान् पिढ्या चाललेली. उर्दू, मराठी, तेलुगू, सगळ्या पत्रिका त्यांच्याकडे. गल्लीतले सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायची. पत्रिका कमी होऊ लागल्या तसे चाचांनी वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर टाकले आणि मला तिथे बसवलं. लातूर-नांदेडात तेव्हा शिकवण्यांना ऊत आला होता. जिथे काल पिठाची गिरणी होती तिथे आज रसायनशास्त्र. प्रत्येक क्लासला वेबसाइट हवी असायची, कारण समोरच्याला होती.

मी प्रत्येक पान पूर्ण झालं की तपासणीला लावत असे. त्यासाठी इंटरनेटवर फुकटची सोय असते. आपल्या पानाचा पत्ता टाकायचा, ती सगळ्या चुकांची जंत्री काढून देते. एकही चूक नसली तर हिरवी पट्टी येते. ती हिरवी पट्टी मी गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "छान. सरांचा फोटो जरा मोठा करा."

अशातच माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, लातुरात मुलींचं होस्टेल काढलं. क्लासच्या गल्लीत एक तीन मजली इमारत भाड्याने घेतली. नवरा गेल्यापासून अक्का अहमदपूरजवळच्या गावी दिराच्या घरात राहत होती. तिथे तिला कुणी छळलं नाही, पण तिची जागा चुलीपुढे ठरून गेली होती. पाहुणे आले की आत, पाहुणे गेले की आत. होस्टेलचा विषय काढला तेव्हा दिराने इतकंच सांगितलं की, क्लास सुरू होईपर्यंत सगळ्या खोल्या भरल्या तर राहा, नाहीतर इमारत सोड आणि घरी ये. अक्का मला फोनवर म्हणाली, "मला माघारी जायचं न्हाई गं. बाकी काय बी कर."

मी म्हटलं, "अक्का, तू निर्धास्त राहा. असं पान करते की लातूर होस्टेल म्हणून कुणी शोधलं की पहिलं तुझंच दिसंल."

पान केलं, आणि काय केलं म्हणून सांगू! कोडात कुठे बोट ठेवायला जागा नाही. 'सुरक्षित व घरगुती वातावरण', 'सकस आहार', 'क्लासपासून चालण्याच्या अंतरावर', सगळं शुद्ध आणि सोवळ्यात. हिरवी पट्टी आली. मी चाचांना बोलावून दाखवली. आठवडाभराने शोधून पाहिलं तर अक्काचं होस्टेल इतकं मागे होतं, की तिथवर जायला माणसाला दुसरा उद्योग नसायला हवा. फोन कुठला वाजतोय!

आणि पहिलं कोण? पलीकडच्या गल्लीतलं दुसरं एक होस्टेल. मी त्याचं पान उघडलं तर धाडकन देवळातली घंटा वाजली. लाल रंगावर पिवळी अक्षरं पळत होती. मी ते तपासणीला लावलं. चुकांची जंत्री खाली सरकवता सरकवता माझं बोट दुखलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

चाचा शांतपणे चहा पीत होते. म्हणाले, "बेटा, हमारे पत्रिकों में बी गलत्यां जाते थे. फिर बी बाराती आते थे. कायकू? जगा लिखी हुई रहती थी, टाइम लिखा हुआ रहता था."

"पण चाचा, हे पान म्हणजे कचराकुंडी आहे."

"हौ. तू बी एक घंटी डाल दे."

मी घंटा टाकली नाही. मी इंटरनेटवर वाचत बसले. शोधयंत्रं चालवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं होतं की, कोड नुसता बिनचूक आहे म्हणून पान वर येत नाही. पान उघडलं पाहिजे, फोनवर वाचता आलं पाहिजे आणि शोधणाऱ्याला जे हवंय ते त्यात असलं पाहिजे. हे मी वाचलं, आणि वाचून कोडातल्या उरलेल्या रिकाम्या ओळीही काढून टाकल्या. हट्टाला औषध नसतं. अर्थात काहीच हललं नाही.

मे महिना निम्मा सरला तेव्हा मी एका रविवारी एसटीने लातूरला गेले. अर्ध्या खोल्यांत गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. अक्का दारालगतच्या खोलीत खाटेवर बसून फोन घेत होती. ओळखीपाळखीतून, पत्रकं वाचून थोडे फोन येत होते. बिलोलीचा एक बाप, देगलूरची कुणी मावशी, अहमदपूरचे एक मास्तर. मी शेजारी बसून ऐकत राहिले. मला वाटलं होतं लोक फी विचारतील, जेवण विचारतील. तेही विचारत, पण नंतर. आधी विचारत, बिल्डिंग पक्की हाय का? कॉलम हायत का नुसत्या भिंती? पोरगी कितव्या मजल्यावर राहील? आणि जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न अडखळत विचारी: रातच्याला बाहेरून कुलूप लावता का?

मुलींच्या होस्टेलला रात्री कुलूप नसेल तर आईबापांना झोप येत नाही, असं मी समजत होते. हे लोक उलटं विचारत होते. कुलूप असेल तर चावी कुणापाशी असते, ती बाई जागी होते का, दार अडकत तर नाही.

अक्का न कंटाळता सांगत होती, "कुलूप आतूनच लावते, चावी माझ्या कमरंला असती. मी दारापाशीच निजते. दाराला रोज तेल घालते."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "हे काय विचारून राहिले सगळे?"

"आपल्याच वयाची माणसं हायत," अक्का म्हणाली. "त्यांचीच लेकरं आता शिकाया येऊन राहिलीत."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याही घराचं दार त्या पहाटे अडकलं होतं. वरून माळवदाची माती पडत होती आणि अक्काने मला खिडकीतून ढकललं होतं. पण आमच्या घरात भूकंप हा शब्द कुणी काढत नसे. आई 'ते झालं तवा' म्हणायची. 'ते झालं त्याच्या आदल्या साली घेतलेली शिलाई मशीन.' पुनर्वसनाच्या नव्या घरात राहायला गेल्यावरही तेच. पाहुण्यांपुढे तर नाहीच नाही. आणि मी केलेल्या पानावरही तो कुठे नव्हता. आजूबाजूच्या एकाही होस्टेलच्या पानावर नव्हता. आम्ही सगळ्यांनी 'सुरक्षित वातावरण' लिहिलं होतं, आणि लोक फोन हातात घेऊन दुसरंच काही शोधत होते.

मी म्हटलं, "अक्का, हे पानावर लिहू."

अक्का भडकली. "येडी हायेस का? होस्टेलच्या पानावर भूकंप लिहितात? लोक पळून जातील."

"जे फोनवर विचारतात त्यांना तू सांगतेस ना? मग तेच."

जेवणं झाली, भांडी झाली, आमचं भांडण काही संपेना. शेवटी चहा पिताना ती म्हणाली, "बरं, लिही. पण मी सांगते तसंच लिही. तुझं ते सकस-बिकस नको."

तिने सांगितलं, मी लिहिलं. 'भूकंपाची भीती वाटणाऱ्या आईबापांसाठी' असा मथळा तिनेच दिला. इमारत कधी बांधली, कॉलम कुठे आहेत, जिना किती रुंद आहे, चावी कुणापाशी असते, अक्का कुठे निजते, हलायला लागलं तर पोरींनी काय करायचं हे ती त्यांना आल्या दिवशीच कसं करून दाखवते. सगळं तिच्या बोलीत. पानात मजकूर कसा भरायचा ते मी तिला दाखवून ठेवलं, तर पुढे तिला चटकच लागली. कुणी नवीन प्रश्न विचारला की ती स्वतःच त्याचं उत्तर पानात घालायची, जिथे जागा दिसेल तिथे, ठळक अक्षरांत. पान तपासणीला लावलं तर जंत्री लालभडक. माझे हात शिवशिवू लागले. फोन केला तर अक्का म्हणाली, "हात लावशील तर बघ."

एका जागी मात्र मी लावलाच. तिने एक खूण अशी उघडी सोडली होती, की फोनवर पाहिलं तर खालचं सगळंच नाहीसं व्हायचं, होस्टेलचा नंबरसुद्धा. तेवढी मी बंद केली. बाकीच्या चुकांकडे पाहून रोज दातओठ खाल्ले.

काही आठवड्यांत लातूर, होस्टेल आणि भूकंप हे तीन शब्द टाकले की अक्काचं पान पहिलं येऊ लागलं. हळूहळू भूकंप न टाकताही ते वर सरकलं. घंटावाले शेवटपर्यंत आमच्या वरच राहिले, तो राग माझ्या मनात अजून आहे. पण अक्काचा फोन वाजू लागला. खोल्या भरत गेल्या. क्लास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी लातूरला गेले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली उरली होती.

दुपारी निलंग्याकडची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी सतरा-अठराची, हातात पुस्तकांची पिशवी, आईच्या वागण्याने संकोचलेली. बाईने फोनवर आमचं पान उघडूनच आणलं होतं. तिने आधी कॉलमवर बोटांनी ठकठक केलं, जिना चढून पाहिला, तिसरा मजला पाहिला आणि नको म्हणून मान हलवली. अक्काचा चेहरा उतरला. पण बाई खाली येऊन थांबली आणि म्हणाली, "हितं लिवलंय, तुमी दारापाशी निजता. जागा दावा."

अक्काने खाट दाखवली. बाई तिच्यावर बसली, मग चक्क आडवी झाली. तशीच पडून दाराकडे बघत राहिली.

"आई, उठ ना," मुलगी म्हणाली.

बाई उठली नाही. अक्काकडे बघून म्हणाली, "हिच्या आधीची एक व्हती. माझ्या कुशीत निजली व्हती. म्या निघाले, ती न्हाई निघाली." मग म्हणाली, "हिला वर नका ठिवू. तुमच्यापाशी ठिवा."

मला रडू आवरेना. अक्का रडली नाही. ती उठली, तिसऱ्या मजल्यावरची खाट दोघी-तिघी पोरींकडून खाली आणवली, आपल्या खाटेशेजारी लावली आणि बाईला म्हणाली, "ही दाराकडची तिची. भिंतीकडची माझी."

माय-लेकी सामान आणायला गेल्यावर अक्काने दिराला फोन लावला. खोल्या भरल्या का, असं त्यांनी विचारलं असावं. तिसऱ्या मजल्यावरची ती एक खोली रिकामीच राहिली होती. अक्का म्हणाली, "भावजी, म्या आता माघारी येत न्हाई. हितं माझ्या भरवशावर लेकरं निजत्यात."