सोललेले खडू

लिओनी तिबोडोच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर निम्म्या गावाची पोरं वाढली. आई-बाप कामावर निघाले की पोरं तिच्या दारात सोडून जायचे. सगळे तिला मेमे म्हणत, म्हणजे तिकडच्या फ्रेंचमध्ये आजी. तिची स्वतःची नातवंडं दूर फ्लोरिडात, ती मात्र तिला नावाने हाक मारायची. असो, ज्याची त्याची रीत.

सकाळी कुट्टूच्या पिठाची धिरडी लोणी लावून पोटात गेली की टेबल पुसायचं आणि चित्रं मांडायची. चित्रात टीव्हीवरचं ते गमबूट घातलेलं अस्वल, गास्पार. आधी लिओनीने पोरांना साधे गोल आणि रेघा देऊन पाहिल्या होत्या. एक पोर खुर्चीवर टिकेल तर शपथ! गास्पार आला आणि सगळी चिकटून बसली. पेन्सिल धरायची तर बोटांत जोर हवा, जोर यायचा तर हात चालता हवा, आणि हात चालायचा तर समोर आवडीचं तोंड हवं. लिओनीचं शास्त्र एवढंच. बायबलाखेरीज तिने फारसं काही वाचलेलं नव्हतं.

त्या वर्षी तिच्याकडे सिमोनच्या जुळ्या होत्या, ओडेट आणि मार्गो. सिमोनही लहानपणी याच टेबलावर बसलेली. मार्गो रेघेच्या आत असं रंगवायची की जणू छापलंय. ओडेट खडूला हात लावायची तो फक्त त्याचा कागद सोलायला. खडू उघडा पडला की दुसरा घ्यायची. चित्र कोरं ते कोरंच.

मे महिन्यात शाळेत चाचणी असते. बालवर्गात घ्यायचं की वर्षभर थांबवायचं, ते तिथे ठरतं.

"मेमे, ओडेटला थांबवलं तर?" सिमोन दारातच बोलली. आत यायलाही तिला वेळ नव्हता. "एक बसमध्ये आणि एक खिडकीत उभी, हे मला नाही बघवणार. एक रात्र वेगळ्या झोपल्या नाहीत गं त्या."

"अजून बर्फ वितळलं नाही. होईल."

आणि खरंच झालं. मार्चअखेर ओडेटचे कागद भरायला लागले. सुरेख! लिओनीने ते फ्रिजवर लावले, सिमोनने गाडीत लावले, कामावर गिरणीतल्या मैत्रिणींना दाखवले. मग एके दिवशी लिओनी ओव्हनमध्ये शेंगदाण्याएवढ्या पिवळ्या घेवड्याचं मडकं ठेवून मागे वळली, तर मार्गो आपलं अस्वल संपवून ओडेटच्या अस्वलाचे बूट रंगवत होती. आणि ओडेट शेजारी बसून तिला एकेक खडू सोलून देत होती, नर्सने डॉक्टरला हत्यारं द्यावीत तशी.

"हे काय चाललंय?"

"मी सोलते, ती रंगवते," ओडेट म्हणाली. यात लपवण्यासारखं काही आहे असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

"मग वर नाव तुझं कशाला?"

"कागद माझा आहे ना!"

लिओनीने फ्रिजवरचे कागद काढले आणि दोघींना दोन टोकांना बसवलं. ओडेट टेबलावर डोकं टेकून बसली ती जेवणापर्यंत. एवढा मोठा कागद, कुठून सुरुवात करायची, असं काहीसं ती पुटपुटत होती.

लिओनीने मग वाचनालयातल्या झेरॉक्सच्या यंत्रावर गास्पार लहान करून आणला, बिस्किटाएवढा. खडूचे तुकडे केले, नखाएवढे. बारीक कामाची बोटं ती, तुकडा चिमटीत बरोबर बसला. पहिल्या दिवशी एक बूट झाला. पुढच्या आठवड्यात अस्वल तळहाताएवढं झालं, मग ताटलीएवढं. मे उजाडेपर्यंत पान भरलं, पोट तेवढं कोरं.

"पोट का गं सोडलंस?"

"तो जेवलाय कुठे अजून!"

मधूनच उठून ती मार्गोच्या जाकिटाची झिप लावून यायची, तिच्या दुधाची बाटली उघडून द्यायची. लिओनीला कौतुक वाटायचं. बहिणीची माया, दुसरं काय!

चाचणीच्या दिवशी सिमोन आणि लिओनी शाळेच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसल्या. चाचणी घेणाऱ्या पेल्कीबाईंनी आधी ओडेटला आत घेतलं. चित्र, मणी, कात्री, बटणांची बरणी, सगळं झालं. मग मार्गो. चित्रावर पेल्कीबाई खूश. मग त्यांनी बरणी पुढे केली.

"उघड बघू."

मार्गोने बरणी दाराकडे धरली. "ओडेटला बोलवा."

"ओडेट नाही, तू."

मार्गोने बरणी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. मणी ओवले नाहीत, झिपही लावली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ओडेटला बालवर्गात पाठव," पेल्कीबाई सिमोनला म्हणाल्या. "मार्गोचं आपण ऑगस्टमध्ये पुन्हा बघू. रंगवते छान, पण बाकी सगळं तिच्यासाठी कोणीतरी दुसरंच करतंय."

सिमोन आधी हसली, मग रडली. "मेमे, इतकी वर्षं पोरं सांभाळतेस आणि..."

"सांभाळली गं. जुळी पहिल्यांदाच."

त्या उन्हाळ्यात मार्गोला सोललेला खडू मिळाला नाही. ओडेटला ताकीद होती की मदत करायची नाही. ती बिचारी हातांवर बसून राहायची, जसं काही हात तिचे नव्हेतच.

"मग मी रंगवणारच नाही!" मार्गो म्हणाली.

"नको रंगवूस."

बरेच दिवस नाही रंगवलं तिने. पण बुटांना जांभळाच हवा होता, आणि जांभळा खडू नवा, कागदात घट्ट गुंडाळलेला. तिने तो दातांनी कुरतडला.

"दात नाही. बोटं."

"बोटं मोडतील!"

"मोडली की सांग."

टेबलभर कागदाच्या चिंध्या झाल्या, खडूचे तीन तुकडे झाले.

"असं नाही, कडेपासून," ओडेट न राहवून म्हणाली.

"तू गप्प बस!" मार्गो ओरडली, आणि कडेपासून सोलू लागली.

आमच्याकडे शाळा ऑगस्टातच उघडते, पुढे बटाट्यांच्या काढणीला पोरं शेतात लागतात, तेव्हा सुट्टी द्यावी लागते. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात पेल्कीबाईंनी पुन्हा बरणी पुढे केली. मार्गोने ती गुडघ्यांत दाबली, दात-ओठ खाऊन पिरगाळली, आणि झाकण असं उडालं की बटणं खोलीभर पसरली. काही कपाटाखाली गेली.

"उघडली ना?" मार्गोने विचारलं.

"उघडली," पेल्कीबाई म्हणाल्या. "आता भर."

त्या खुर्चीवर बसून बघत राहिल्या. मार्गोने पालथं पडून कपाटाखालचं शेवटचं बटणसुद्धा चिमटीत धरून काढलं. ओडेट दारात उभी होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं, तेव्हा लिओनीने तिची वेणी धरली.

"दोघींना पाठव," पेल्कीबाई म्हणाल्या.

लिओनी उठली, एक गुडघा चोळला, मग दुसरा. "बसच्या ड्रायव्हरला आजच सांगून ठेव," ती सिमोनला म्हणाली. "तुझ्या घराचं वळण सगळ्यांनाच चुकतं."